वर्षावासाआधी घ्यायचा राउटर

जूनचा सगळा महिना मी राउटर बघण्यात घालवला. वायफायचा नव्हे, लाकूड कोरायचा. हातात धरायची मोटर असते, तिच्या टोकाला पोलादी पातं बसवतात, त्याला बिट म्हणतात. ते इतक्या वेगाने फिरतं की दिसत नाही. त्याने फळीत खाच पाडता येते, अचूक गोल कापता येतो, कडा गोलसर करता येतात. मला त्याने स्पीकरची दोन खोकी करायची होती, आणि ती आषाढ पौर्णिमेच्या आत व्हायला हवी होती.

आषाढ पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. पावसाळाभर रोज संध्याकाळी, लोक कामावरून परतले की, वंदना होते आणि मग एक जण धम्मग्रंथातली थोडी पानं मोठ्याने वाचतो. बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, तो ग्रंथ असाच शिकले. त्यांची शाळा लहानपणीच सुटली. अजूनही छापील पान समोर धरलं की दोन ओळींत डोळे चोळायला लागतात. पण ऐकलेलं ते विसरत नाहीत. मी लहान असताना विहारातून येता येता ते मला सगळं पुन्हा सांगायचे, आणि मी त्यांच्या खांद्यावर अर्धवट झोपेत हुंकार द्यायचे.

मागच्या वर्षी ते मध्येच जायचं थांबले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बसून काय करू? समदे हसले की हसायचं, समदे उटले की उटायचं."

आण्णांनी सगळं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात मागावर काढलं. सोलापुरात ज्यांच्या घरी मागावरचा माणूस आहे त्यांना यापुढचं सांगायला नको. शेडमध्ये एका वेळी इतके माग खडखडतात की शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही. कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात, शिट्टी, पाखरं, मग बोलण्यातले स, श, त, थ. माणूस बोलतोय हे कळतं, पण काय ते कळत नाही. एका शिबिरात त्यांना कानातलं यंत्र मिळालं होतं. ते लावलं की त्यांना ताट-वाटी, पंखा, रिक्षा सगळं एकदम अंगावर आल्यासारखं होई. ते कपाटात ठेवून त्यांनी विषय मिटवला.

विहारात आवाजाची सोय नाही असं नाही. जयंतीच्या मिरवणुकीसाठी घेतलेले मोठे बॉक्स कोपऱ्यात उभे असतात आणि वाचनाचा माईक त्यांनाच जोडलेला असतो. ते बॉक्स गाण्यांसाठी आहेत. त्यातून कोणी बोललं की विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं वाटतं. मी बी.एस्सी.ला आहे, इलेक्ट्रॉनिक्स विषय घेऊन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे वस्तीत कोणाचा रिमोट बंद पडला तरी माझ्याकडे येतो. त्यातले निम्मे मला दुरुस्त करता येत नाहीत. तरीही मी आण्णांना म्हणून बसले, "बोलण्यासाठीचे वेगळे स्पीकर असतात. मी करते. यंदा तुम्हाला शब्द कळतील."

दोन दिवसांनी किराणा दुकानात मी त्यांना सांगताना ऐकलं, "यंदा जाणार हाय मी. पोरीनं सोय केलीय." तेव्हापासून मला स्वस्थ बसता येईना.

खोक्यांचा नकाशा मी काढला होता. अडलं होतं ते राउटरवर. स्पीकरला सभोवार पत्र्याची कड असते. ती फळीच्या वर राहिली तर आवाज तिथे अडखळतो आणि बारीक आवाज धूसर होतात, असं मी वाचलं होतं. म्हणजे नेमके आण्णांचे गेलेले आवाज. ती कड फळीत बरोबर बुडेल अशी गोल खाच पाडायची तर राउटर हवा. माझ्या मनाने सगळा वर्षावास त्या खाचेवर टांगून ठेवला होता.

राउटर लहान असतो, मोठा असतो आणि मधला असतो. लहान्याला इथले कारागीर ट्रिमर म्हणतात. तो एका हातात मावतो, पण काहींनी लिहिलं होतं की काम चालू असताना त्याची ठरवलेली कापाची खोली सरकते. मोठा भक्कम, दोन मुठी धरून वरून खाली दाबायचा. पण व्हिडिओत तो वापरणारे सगळे जाडजूड दंडांचे पुरुष. मी कॉलेजच्या वाचनालयात व्हिडिओ दुप्पट वेगाने बघायची. एक मशीन निवडायची, दोन तासांनी यादीतून काढून टाकायची. प्रॅक्टिकलला हातात मीटर असायचा आणि डोक्यात ट्रिमर. घरात मी चालत चालत जेवते असं आई म्हणायला लागली. ती विड्या वळत बसलेली असे, तिचे हात थांबत नाहीत आणि तोंडही.

"सोयरीक बघायलीस का काय? ह्यो बुटका, त्यो जाड. पौर्णिमा जाईल निघून, तू बघत बस."

"चुकीचा घेतला तर?"

"तर चुकीचा घेतला. मी न्हाय का घेतला?" असं म्हणून तिने आण्णांकडे मान केली. त्यांना ऐकू गेलं नाही, पण तिचं तोंड दिसलं असावं, कारण ते हसले.

कोपऱ्यावर एका फर्निचरवाल्याचं वर्कशॉप आहे. प्लायचे तुकडे मी त्याच्याकडूनच मापात कापून घेतले होते. त्यालाही विचारलं.

"बेटा, तेरेकू क्या महल बनाना है? ट्रिमर ले, काम खतम."

"पण खोली सरकते म्हणतात."

"सरकती. तो कस के पकड ना." मग जरा विचार करून म्हणाला, "बडा भी अच्छा है वैसे." त्याने हे इतक्या सरळपणे म्हटलं की मी घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.

शेवटी आण्णाच म्हणाले, "चल, बघून येऊ. मोबाइलमदी मशीन कळत न्हाय."

मंगळवार पेठेतल्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने माझ्यामागे बघत विचारलं, "भाऊ आलाय का बरोबर?"

"मलाच पाहिजे."

"कशाला? किचनचं काम हाय?"

"स्पीकरचे बॉक्स करायचेत."

"डीजे?" त्याचा चेहरा उतरला. "लई कटकट हाय ताई सध्या त्यात."

"डीजे नाही. वाचनासाठी."

"वाचनाला स्पीकर," असं स्वतःशीच म्हणत त्याने खालच्या फळीवरून तीन खोकी काढली. खाली वाकूनच तो आण्णांना काहीतरी विचारत होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, तेव्हा आण्णा नुसते "हां, हां" म्हणत होते. पुढे दुकानदार मला म्हणाला, "बाबा तर म्हणतायत घरी थ्री फेजची लाईट हाय." 

त्याने आधी ट्रिमर चालू केला. पाजळलेल्या सुरीसारखा आवाज डोक्यातून आरपार गेला. मी दचकून मागे सरले. आण्णा पुढे झाले. त्यांनी तळवा यंत्राच्या अंगावर टेकवला, ताप बघावा तसा. मागावर ते असंच करत, आवाजावरून काही कळण्याची सोय नव्हती म्हणून. "ह्याचं अंग लई थरथरतंय," म्हणाले. मोठ्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्यो बरा." मी मोठा उचलला आणि माझं मनगट तिथेच वाकलं. दुकानदार विनम्रपणे दुसरीकडे बघू लागला.

मधल्याला एक चक्री होती, वेग कमी-जास्त करायची. दुकानदाराने तो पूर्ण वेगात लावला, तेव्हा तोही किंचाळला. मग मी चक्री हळूहळू मागे फिरवली. किंकाळी खाली खाली येत गेली आणि तिचा घुमा, जाड आवाज झाला. आण्णांनी मान वर केली.

"आता ऐकू यायला लागला," ते म्हणाले.

मी तोच घेतला. खरं सांगायचं तर हे काही कारण नव्हे. यंत्र वडिलांना ऐकू येतंय म्हणून घ्यावं असं कुठल्याही व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन बसले आणि सात रस्ता चौक येईपर्यंत मला वाटत राहिलं की मोठाच घ्यायला हवा होता.

रविवारी दुपारी दारासमोर लाकडी बाजल्यावर फळी टाकून आम्ही काम काढलं. मी दोघांसाठी कान झाकायची साधनं आणली होती. आण्णा म्हणाले, "माझं आता काय ऱ्हायलंय वाचवायला?" पण माझं तोंड बघून त्यांनी ती चढवली. फळीच्या मध्यात खिळा मारून त्याभोवती राउटर कंपाससारखा फिरवायचा, आधी उथळ खाच, मग आरपार गोल. पहिल्या फेरीतच भुश्शाचा पिवळा ढग उठला आणि आई दारात आली. ती काय बोलतेय ते मशीन थांबवल्यावर कळलं.

"माझ्या तंबाखूत पडायलाय समदं. उद्या कारखान्यात म्हणतील, बाई, विडीत कपाट वळून आणलंय."

आम्ही बाजलं पलीकडे सरकवलं. दुसऱ्या फळीवर आरपार कापताना मी वाकून बिटकडे बघत होते. काहीतरी जाणवलं म्हणून मान वर केली. आण्णा समोरून बोलत होते. मला ऐकू येणं शक्य नव्हतं, माझे कान झाकलेले, मशीन चालू. त्यांनी ओरडायचा प्रयत्नही केला नव्हता. नुसते ओठ, सावकाश, आणि एक हात सपाट. 'थांब. मधला तुकडा सुटायलाय. उचल.' मी मशीन उचललं. तुकडा खरंच सुटत आला होता, आणखी थोडं फिरवलं असतं तर बिट कडेत घुसलं असतं. मी मानेनेच बरं म्हटलं आणि तुकडा धरून राहावा म्हणून खालून आडवी पट्टी स्क्रूने लावून पुन्हा काम सुरू केलं.

यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना हे येतं. मागावरची माणसं अशीच बोलतात. आण्णांचा मालक तेलुगू होता, शेडमधले अर्धे कामगार तेलुगू. आण्णांना त्यांचं तेलुगू ओठांवरून कळायचं, आणि तेच लोक चहाच्या टपरीवर आवाजात बोलले की कळायचं नाही. हा किस्सा पाहुण्यांना सांगून आम्ही हसवतो. मी तो किस्सा म्हणूनच धरून होते.

खोकी झाली. एका फळीची खाच किंचित खोल गेली होती, तिथे मी जाड कागदाची चकती कापून बसवली. काळा रंग दिला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती विहाराच्या दोन बाजूच्या भिंतींवर चढवली आणि माईक त्यांना जोडला. डावीकडचं मुद्दाम त्या खांबाजवळ, जिथे आण्णा बसतात. आवाज त्यांच्या कानापाशी जावा म्हणून.

पौर्णिमेला पांढरे कपडे घालून सगळी वस्ती आली. त्रिशरण, पंचशील झालं. मग वाचन सुरू झालं. निवृत्त शिक्षक आहेत एक, त्यांना सगळे सर म्हणतात, तेच दरवर्षी वाचतात. पहिल्या वाक्यालाच बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. मागच्या भिंतीपाशी बसलेल्यांनी मला अंगठा दाखवला. मी आण्णांकडे बघितलं. त्यांनी मान वळवून तोंड माझ्या खोक्याकडे केलं होतं, आणि वाचन संपेपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसले.

खीर वाटून झाली. घरी येताना मी विचारलं, "कसं वाटलं?"

"ब्येस."

"आज काय होतं?"

 "आवाज लई गोड हाय खोक्याचा," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी नीट झोपले नाही म्हटलं तरी चालेल. रोज वाचनाआधी जाऊन मी काहीतरी बदलायची. बारीक आवाज वाढवला, खोकं तिरकं केलं, आत कापूस भरला, काढला. त्या खोल गेलेल्या खाचेवरची कागदाची चकती सोडवून पुन्हा चिकटवली. मला खात्री वाटायला लागली की राउटर चुकला. मोठा घेतला असता तर खाच एकसारखी आली असती. मी मोबाइलवर पुन्हा तीच पानं उघडली, पुन्हा तेच अभिप्राय वाचले, पुन्हा वाचनालयात. आण्णा रोज संध्याकाळी हातपाय धुऊन निघायचे, बसायचे, खोक्याकडे बघायचे, परत यायचे. न येण्याचं ते म्हणत नव्हते. मला तेच सहन होत नव्हतं. ते माझ्यासाठी येत होते.

एका संध्याकाळी वाचन चालू असताना लाईट गेली. पंखे थांबले, खोकी मुकी झाली. बाहेर अजून उजेड होता. सर माईक सोडून दाराच्या उजेडात येऊन उभे राहिले. चष्म्यातूनही पान दिसेना, म्हणून ग्रंथ मिटून आपल्याच मनाने समजावून सांगायला लागले. वर्गात उभे राहिल्यासारखे, मान वर करून. मधेच म्हणाले, "आपल्याला कुणी शिवी दिली आणि आपण ती घेतलीच न्हाय, तर ती जाईल कुटं? त्याच्याच घरी ऱ्हायील की. भाड्यानं."

सगळे हसले. आण्णाही हसले. सगळ्यांच्या नंतर नव्हे, बरोबर.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते सरांच्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळाने लाईट आली, सर पुन्हा टेबलामागे बसले, मान खाली घालून ग्रंथात बघायला लागले, माईकचा काळा स्पंज ओठांसमोर आला. आण्णांनी मान वळवून खोक्याकडे केली, आणि त्यांचा चेहरा कोरा झाला.

मला फळीपलीकडून आलेलं ते 'थांब' आठवलं. किती दिवस मी खाचेची खोली मोजत होते.

सकाळी मी त्यांच्या समोर जाऊन बसले. "आण्णा, तुम्ही खोक्याकडे का बघता?"

"मग कुटं बघू?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "तू केलायस की."

 मी उठले, उरलेल्या प्लायचा तुकडा घेतला आणि बाजलं बाहेर काढलं. ग्रंथ उभा तिरका राहील असं स्टँड करायचं होतं, खाली एक खाच, ग्रंथ त्यात टेकून राहावा म्हणून. एवढ्यासाठी ट्रिमरही पुरला असता, मोठाही चालला असता. मी चक्री मागे फिरवली आणि खाच पाडली. आई तंबाखूचं सूप घेऊन न सांगताच आत गेली.

दुपारी दोन्ही खोकी भिंतींवरून उतरवून सरांच्या टेबलाच्या दोन बाजूंना ठेवली. खोक्याकडे बघितलं तरी सर दिसावेत म्हणून. संध्याकाळी सर आले, तेव्हा स्टँड त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर होतं आणि माईक हनुवटीच्या खाली बांधलेला होता.

"हे काय?"

मी जमेल तसं सांगितलं. मागावरच्या माणसांना ओठ दिसले की शब्द कळतात, एवढंच.

"म्हणजे मी आता तोंड दाखवत वाचायचं? या वयात?" ते म्हणाले. मग सतरंजीवर येऊन बसलेल्या लोकांकडे त्यांनी बघितलं. "हितं मागावरचे निम्मे असतील. मला कुणी बोललं कसं न्हाय?"  सरांनी चष्मा पुसला आणि ओळ संपली की मान वर करून वाचायला सुरुवात केली.

वाचन संपल्यावर आम्ही निघालो.  आण्णांना विचारायचं मला धाडस होत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"सर लई घाई करतात," ते म्हणाले. त्यांचा आवाज वैतागलेला होता. "ग्रंथातल्या त्या माणसानं सवाल केला, आन् त्येचं उत्तर वाचता वाचता पान उलटलं की त्यांनी. मग मान खालीच. उत्तर काय दिलं?"

मला माहीत नव्हतं. मी वाचन ऐकलंच नव्हतं. मी पूर्णवेळ त्यांच्याकडे बघत होते.

"मला नाही कळलं," मी म्हटलं.

"कॉलेजात जातीस आन् कळलं न्हाय?" ते म्हणाले, आणि मागे वळले. मी म्हटलं, उद्या विचारू, तर त्यांनी हात झटकला. विहाराच्या पायरीवर सर चपला घालत होते. आण्णा त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले, रस्ता अडवून, आणि काहीतरी विचारलं. सर चपला घालता घालता खाली बघत सांगायला लागले. आण्णांनी वाकून त्यांच्या चेहऱ्यासमोर चेहरा नेला.

"असं न्हाय," ते म्हणाले. "वर बघून सांगा."